मागचा क्रेट की पायाशी एकच डबा?

पवना किंवा पानशेत धरणाच्या पाण्यात कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) घेऊन गळ टाकायला जाणारे बरेचजण सीटमागे दुधाचा क्रेट बांधतात. त्यात रॉड उभे राहतात, सामानाचे चार-पाच डबे मावतात, जेवणाचा डबाही तिथेच. पण लुअर (नकली आमिष) बदलायचा म्हणजे कंबरेतून मागे वळावं लागतं, आणि नेमका तेव्हाच तोल जातो. शिवाय उभे रॉड किनाऱ्यावरच्या फांद्यांत अडकतात. क्रेट भरला की वजन मागे आणि उंचावर जातं. दुपारी वारा सुटला की ते लगेच जाणवतं.

मी आता पायांमध्ये एकच चपटा, झाकणबंद डबा ठेवते. मरळीसाठी दोन रबरी बेडूक, दोन स्पिनर (पाण्यात गरगर फिरणाऱ्या पात्याचे लुअर), थोडे गळ, बस्स. पक्कड आणि कात्री दोरीने कयाकला बांधलेली, कारण हातातून सुटलेली पक्कड थेट तळाशी जाते. दोरी मात्र आखूड हवी, कयाक उलटली तर लांब दोरी पायात गुंतते.

दिवसभर वेगवेगळे मासे शोधायचे असतील तर क्रेट सोयीचा, हे मान्य. सकाळच्या तीन तासांसाठी मला डबाच हवा. क्रेट असो वा डबा, लाइफ जॅकेट अंगावरच.