रिले-बोर्डाचे सुटे भाग: तपकीर गल्लीच बरी

पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली वायर-स्विचसाठी प्रसिद्ध आहे. पण आर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर-बोर्डावर बसणारा चार रिलेंचा (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचचा) बोर्ड स्वतः डिझाइन करायचा, तर सुट्या भागांसाठीही पहिली पसंती तिलाच. भाग हातात घेऊन बघता येतो, हे मुख्य कारण. डिझाइन कागदावर १:१ छापून न्या आणि रिलेच्या पिना त्यावर टेकवून बघा. तोच कागद आधी ऊनोवरही ठेवून पाहा. ७ आणि ८ नंबरच्या पिनांमधलं अंतर २.५४ नव्हे, ४.०६ मिमी आहे. नवखे हमखास तिथेच फसतात.

काउंटरवर मोघम बोलू नका. ‘पाच व्होल्टचा रिले’ एवढं पुरत नाही, त्यातल्या कॉइलचा (स्विच ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) रोध विचारा. ७० ओहमची कॉइल सुमारे ७१ मिलिअँपिअर ओढते आणि ऊनोच्या पिनेवर २० च्या पुढे भार टाकू नये. म्हणून मध्ये यूएलएन२००३ ही जास्त करंट पेलणारी चिप घाला. तिच्यात रिले बंद होतानाचा उलटा झटका जिरवणारे डायोड असतात, पण तिची नऊ नंबरची पिन रिलेच्या पाच व्होल्टला जोडली तरच ते कामाला येतात. चारही रिले एकदम चालू झाले की भार २८५ मिलिअँपिअरच्या आसपास जातो. बारा व्होल्टवर चालणाऱ्या ऊनोच्या रेग्युलेटरवर (व्होल्टेज पाचवर आणणाऱ्या भागावर) तो टाकला, तर नुसत्या उष्णतेत दोन वॉट जातात. पाच व्होल्टचा वेगळा सप्लाय घ्याच.

२३० व्होल्टचे ट्रॅक बाकीच्यांपासून किमान ६ मिमी दूर ठेवा.

गल्लीत गर्दी फार, गाडी लांब लावा.