टाचदुखीवर वापरलेल्या वस्तू : सिलिकॉन हील कप, एमसीआर चप्पल, नाइट स्प्लिंट आणि एक जुना टॉवेल

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूंपैकी खास रबराच्या तळाची एमसीआर चप्पल सगळ्यात जास्त उपयोगी पडली. बुटात टाचेखाली ठेवायचे सिलिकॉनचे हील कप निम्मे कामाला आले, रात्री पायाला बांधायचा नाइट स्प्लिंट मला झेपला नाही. आणि दुखणं मुळातून हललं ते टॉवेलच्या व्यायामाने, ज्याला एक पैसाही लागत नाही.

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे कणीक भिजवण्यापासून दुपारचे डबे बाहेर पडेपर्यंत ओट्यापाशी उभं राहायचं, पायाखाली टाइल्स, पाय अनवाणी. गेल्या पावसाळ्यात उजवी टाच धरली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या आतल्या बाजूला सुई घुसावी तशी कळ यायची. थोडं चाललं की पाय सैल व्हायचा आणि जेवायला बसून उठलं की पुन्हा तेच. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एवढं ऐकलं, टाच अंगठ्याने दाबून नेमकी जागा शोधली आणि प्लांटार फॅसिआयटिस, म्हणजे तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं, असं निदान केलं.

एक्स-रेत टाचेला छोटा काटा दिसला. तो पाहून घरात सगळे म्हणायला लागले, "हाड वाढलंय, आता ऑपरेशन." इथे घाबरू नका. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही असा काटा दिसतो. दुखतो तो टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला तळव्याचा जाड पट्टा. अमेरिकेत २००३ साली शस्त्रक्रियेत काढलेले अशा पट्ट्याचे ५० नमुने तपासले, तेव्हा त्यात सुजेच्या खुणा नव्हत्या, तंतूंची झीज होती. हे कळल्यावर मला दोन गोष्टी पटल्या. गोळीने तात्पुरतं बरं वाटेल, पण झिजलेला पट्टा पुन्हा भक्कम व्हायला वेळ द्यावाच लागेल. बहुतेकांचं हे दुखणं शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं, मात्र वर्षभराचा धीर धरायची तयारी हवी.

हील कप मी आधी घेतले, कारण स्वस्त होते. बंद बुटात ते छान बसतात आणि मंडईपर्यंत चालत जाताना फरक लगेच जाणवतो. पट्ट्यांच्या सँडलमध्ये मात्र सरकतात, घामाने निसटतात, धूळ धरतात. ते रोज धुवावे लागतात. तरी ज्यांचं काम बूट घालून असतं, त्यांनी हेच आधी घ्यावेत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २३६ रुग्ण होते. ताणाच्या व्यायामासोबत तयार सिलिकॉन पॅड वापरणाऱ्यांपैकी ९५ टक्के लोकांना आठ आठवड्यांत सुधारणा जाणवली. पायाचं माप घेऊन बनवलेले महागडे इनसोल वापरणाऱ्यांत हे प्रमाण ६८ टक्के होतं. मलाही एका दुकानात पाय मशीनवर ठेवून हजारोंचे इनसोल सुचवले होते. मी नको म्हटलं आणि आजही मला ते योग्यच वाटतं.

पण आपल्याकडचा खरा प्रश्न वेगळा आहे. आपण दिवसाचे जास्तीत जास्त तास बुटात नसतोच! घरात आपण अनवाणी, स्वयंपाकघरात तर चप्पल चालतच नाही. बायकांची टाच दुखते ती फरशीवर, आणि उपाय मात्र बुटात घालायचे. म्हणून मी एमसीआर चप्पल घेतली, दुकानदार जिला डॉक्टर चप्पल म्हणतात. मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराचा हा तळ कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसाठी आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरतात. सासूबाईंना मी सांगितलं, "आई, हा जोड फक्त ओट्यापाशी राहील, दाराबाहेर जाणार नाही." त्यांनी स्वतः तो धुऊन आत आणून ठेवला. त्या दिवसापासून संध्याकाळचं लंगडणं कमी होत गेलं.

घेताना एक बघा. नुसती मऊ चप्पल नको. फोमची गुबगुबीत चप्पल दुकानात सुखाची वाटते आणि लवकरच चपटी होते. चपलेचा तळ अंगठ्याने दाबला तर दबायला हवा आणि लगेच वर यायला हवा. खालचा थर घट्ट हवा. चप्पल मधोमध दुमडली जात असेल तर घेऊ नका. टाचेला मागून पट्टा असलेला जोड घ्या, म्हणजे चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागत नाहीत.

नाइट स्प्लिंट रात्रभर घोटा काटकोनात ठेवतो, म्हणजे पट्टा आखडत नाही आणि सकाळची कळ कमी होते. तत्त्व बरोबर आहे, पण मला त्यात झोप लागेना. झोप मोडून टाच सांभाळणं मला परवडणारं नव्हतं. तुमची झोप गाढ असेल तर वापरून बघा.

आता टॉवेल. टॉवेलची घट्ट गुंडाळी जिन्याच्या पायरीवर ठेवायची, पायाची बोटं तिच्यावर वर वळतील असं उभं राहायचं, टाच पायरीबाहेर. कठडा धरून एका पायावर तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. हे एक दिवसाआड करायचं. बोटं वर वळली की तळव्याचा पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान उचलली जाते, म्हणून टॉवेल हवा. नुसतं टाच उचलणं पुरेसं नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ही पद्धत ४८ रुग्णांवर तपासली. तीन महिन्यांनी या गटाची स्थिती फक्त ताण देणाऱ्यांपेक्षा चांगली होती, वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे हा व्यायाम लवकर आराम देतो, आणि जिला रोज उभं राहून पोट भरायचं आहे तिच्यासाठी ते लवकर येणं फार मोलाचं आहे. सुरुवातीला बारा वेळा, असे तीन फेरे. जमायला लागलं की पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवायचं. मी सॅकमध्ये तांदळाची पिशवी ठेवते. करताना थोडं दुखतं, ते चालतं. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलं तर वजन कमी करायचं.

याच्या जोडीला पलंगावरून उतरण्याआधी पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायची, दहा वेळा. हे दिवसातून तीनदा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपला तर पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे.

विटेचा शेक मीही घेतला. गरम विटेवर रुईची पानं ठेवून टाच टेकवली की फार बरं वाटतं, आणि दिवसभर राबलेल्या बाईने ते सुख जरूर घ्यावं. त्याने पट्टा भक्कम होत नाही, एवढंच. मधुमेह असेल तर मात्र नको, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, बुबुळाला इजा होते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा पर्याय डॉक्टरांनी समजावून सांगितला. आराम लवकर मिळतो, पण तो टिकेलच असं नाही. पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका थोडा का होईना असतो. मी थांबले.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या तेव्हा टाच पुन्हा चिडली, व्यायाम सुरू असूनही. चकल्या तळताना मी एक पाय पाटावर, मग दुसरा, असं करत वेळ काढली. संक्रांतीच्या गुळपोळ्यांपर्यंत सकाळची कळ नुसती आठवण करून देण्यापुरती उरली. होळीला पुरणपोळ्यांच्या दिवशी मी दिवसभर उभी होते आणि रात्री टाचेला तेलही लावावं लागलं नाही.

टाच रात्री पडल्या जागी ठणकत असेल, मुंग्या येत असतील, तळव्यात अचानक काही तुटल्यासारखं झालं असेल किंवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबर आखडत असेल, तर यातलं काहीही विकत घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी चप्पल आणि टॉवेलपासून सुरुवात करावी. माझ्या पहिल्या जोडाचं रबर टाचेखाली बसलंय, म्हणून मी नवा घेतला. जुना टाकून द्या, बाथरूमसाठी ठेवू नका, ओल्या फरशीवर तो घसरतो.