दुपारच्या लोकल: जास्त फेऱ्या की सारखं अंतर?

गर्दीची वेळ सोडून लोकल किती असाव्यात यावर निवेदन द्यायचं ठरलं की दोन मागण्या पुढे येतात. तासाला चार गाड्या, मिळतील त्या वेळांना. नाहीतर तीनच, पण वीस-वीस मिनिटांनी. चार कधीही बऱ्या, असं मलाही वाटायचं.

हिशेब मांडून बघा. चार गाड्या ५, ५, २५, २५ मिनिटांच्या अंतराने आल्या, तर वेळ न बघता स्टेशनवर येणाऱ्याला सरासरी जवळपास ११ मिनिटं थांबावं लागतं, कारण बहुतेकजण मोठ्या खंडातच येऊन पोचतात. सारख्या अंतराच्या तीन गाड्यांत हेच १० मिनिटांवर येतं. सारख्या अंतराने चार मिळाल्या तर साडेसात, पण त्याला जास्त रेक, म्हणजे डब्यांचे पूर्ण संच, लागतात. सीएसएमटी ते पनवेल साधारण ८० मिनिटं, दोन्ही टोकांना दहा-दहा धरली तर फेरा १८० मिनिटांचा. वीस मिनिटांनी गाडी सोडायला ९ रेक, पंधरा मिनिटांनी १२. आणि देखभालीसाठी रेक कारशेडला जातात ते दुपारीच.

माझं मत फिरलं ते त्या २५ मिनिटांमुळे. कल्याणच्या पुढे कित्येक स्टेशनांवर छप्पर १२ डब्यांना पुरत नाही. मे महिन्यात सगळे सावली धरून उभे राहतात आणि गाडी लागली की समोरच्या चार-पाच डब्यांवरच तुटून पडतात. टोकाचे डबे मोकळे. चढउतार लांबते, गाडी रखडते आणि पाच मिनिटांवरची मागची गाडी जवळजवळ रिकामी धावते.

चारच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. कसाऱ्याकडे लोकल, मेल आणि मालगाड्या त्याच रुळांवरून जातात. एखादी मेल लेट झाली की सारखं अंतर कोलमडतं, तेव्हा हाताशी जास्त गाडी असलेली बरी. कर्जत–खोपोली एकेरी मार्गाला तर ही तुलनाच लागू नाही. बाकी ठिकाणी मी तीनकडे झुकेन.

निवेदनात नुसतं ‘फेऱ्या वाढवा’ लिहू नका. ‘११ ते ४ या वेळेत दोन लोकलमध्ये २० मिनिटांहून जास्त अंतर नको’ असं लिहा. आपल्या स्टेशनवर थांबणाऱ्याच गाड्या मोजा, जलद धरल्या तर आकडा फुगतो. सोबत आठवडाभराच्या प्रत्यक्ष येण्याच्या वेळा जोडा, छापील नव्हे.