टॉवेल-चादरीच्या ऑर्डरसाठी रिॲक्ट, अँग्युलर, स्वेल्ट की व्ह्यू? चारही वापरून झाल्यावरचं मत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांचं ऑर्डर घ्यायचं जुनं सॉफ्टवेअर सिल्व्हरलाइटवर (मायक्रोसॉफ्टचं ब्राउझर प्लगिन) होतं, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२१ लाच संपला, मग नवीन करायला घेतलं. तेव्हा एकच स्क्रीन वरच्या चार फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबवरच्या स्क्रीन बनवायच्या तयार साधनांमध्ये, करून बघितली. माझं मत व्ह्यूला, पण त्यातली एक गोष्ट जाम खटकली, ती पण लिहितोय.

स्क्रीन म्हणजे काय तर एक लांबलचक टेबल. क्वालिटी, साइज, जीएसएम (कापडाचं चौरस मीटरला वजन), रंग, डझन, रेट. भरणारे दिवाणजी माउसला हात लावत नाहीत, नंबरपॅडवर आकडा टाकला की एंटर, परत आकडा, परत एंटर, आणि नजर सगळी हातातल्या ऑर्डरच्या कागदावर. स्क्रीन जरा जरी मागं राहिली तरी आकडा भलत्याच खान्यात पडतो आणि ३० बाय ६० च्या जागी दुसराच माल गाठीत बांधला जातो. म्हणून दिसायला भारी काय यापेक्षा टायपिंगला अडखळत नाही ते काय, हेच बघितलं.

रिॲक्ट २०१३ पासून आहे, लायब्ऱ्या ढीगभर, आणि आपल्याकडची पोरं पुण्याला नोकरी बघायची म्हणून हेच शिकून येतात, त्यामुळे माणसं मिळतात. पण सगळ्या टेबलाची स्टेट (भरलेली माहिती) वर एका जागी ठेवली की एक आकडा टाइप केला तरी सगळ्या रो परत रेंडर होतात, म्हणजे नव्यानं तयार होतात. मेमो लावून (न बदललेली रो परत करू नको असं सांगून), स्टेट खाली एकेका रोकडे ढकलून हे नीट होतं, आता तर मेमोचं काम करणारा कंपायलर पण आलाय, तरी नवीन पोराच्या हातात कोड दिला की हे लक्षात कोण ठेवणार?

अँग्युलरमध्ये राउटर (एका पानावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), फॉर्म सगळं घरचंच मिळतं आणि असल्या टेबलाला त्याचा फॉर्मॲरे, म्हणजे एकसारख्या रोंची यादी सांभाळणारा फॉर्म, खरंच छान बसतो. दहा-पंधरा जणांची टीम असती तर तेच घेतलं असतं, दोघा-तिघांना ते जड जातं.

स्वेल्ट मला मनापासून आवडलं. व्हर्च्युअल डॉम (पानाची मेमरीत ठेवलेली नक्कल) नाही, कंपाइल होऊन थोडाच कोड ब्राउझरला जातो, स्वस्तातल्या फोनवर पटकन उघडतं. अडचण एवढीच की २०२४ मध्ये स्वेल्ट ५ आलं आणि रून्समुळे (बदलणारा डेटा दाखवायच्या नव्या खुणा) लिहायची पद्धतच बदलली, नेटवरचे निम्मे धडे जुन्या पद्धतीचे, आणि तयार ग्रिड (टेबलाचे तयार भाग) पण कमीच.

व्ह्यूमध्ये प्रत्येक रो वेगळा कंपोनंट (स्क्रीनचा स्वतंत्र तुकडा) केला की ज्या रोचा डेटा बदलला तेवढीच अपडेट होते, वेगळं काही करावं लागत नाही. बॉक्स आणि डेटा एकमेकांना जोडणारं व्ही-मॉडेल आहे, त्यात व्ही-मॉडेल डॉट नंबर लिहिलं की डझनाचा आकडा आकडा म्हणूनच येतो, टेक्स्ट म्हणून नाही. दिवाणजींचा हात कुठं अडला नाही, आणि माझ्यासाठी निकाल तिथंच लागला.

आता खटकलेलं. लातूर-पंढरपूरकडचे दुकानदार फोनवरून माल शोधतात, त्या सर्चमध्ये मराठीत 'चादर' टाइप केलं तर शब्द पूर्ण होऊन स्पेस दाबेपर्यंत खाली काहीच बदलेना. लॅपटॉपवर मात्र सगळं व्यवस्थित! कारण असं की फोनचा कीबोर्ड शब्द जुळवत असतो तोवर व्ही-मॉडेल थांबून राहतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलंय, पण चिनी-जपानी-कोरियनचं नाव घेऊन, मग आपल्याला कसं कळणार की मराठीला पण तेच लागू आहे? उपाय सोपा आहे, त्या एका बॉक्सला व्ही-मॉडेल काढून व्हॅल्यू (बॉक्समधला मजकूर) आणि इनपुट इव्हेंट (टाइप झाल्याची सूचना) वेगवेगळे बांधायचे.

घेणार असाल तर थेट व्ह्यू ३ घ्या, व्ह्यू २ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२३ ला संपलाय आणि जुने व्हिडिओ अजून त्याचेच वर येतात. आणि सर्च बॉक्स साध्या अँड्रॉइडवर मराठीत टाइप करून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका.