थेंब मोजून ऑक्सिजन सांगणारा संच: गळ टाकण्याआधी वापराच

पंचगंगेत रोहू-कटल्यासाठी बसणाऱ्यांनी विंकलर पद्धतीचा (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन रसायनांनी मोजणारा) हा संच पिशवीत ठेवावाच. बाटली पाण्यात बुडवून भरा आणि बूचही पाण्याखालीच लावा. एक बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो. मग मँगनीज सल्फेट, पाठोपाठ अल्कली-आयोडाइड. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाणी मेलंय, काठी गुंडाळा! पुढे आम्लाने साका विरघळवा, थायोसल्फेटचे थेंब मोजत रंग फिका पिवळा झाला की स्टार्च टाका आणि निळा रंग जाईपर्यंत मोजत राहा.

२५ अंशांना स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३ च्या खाली रोहूची आशा नको. केंदाळ साचलेल्या डोहात मोजणी सूर्योदयाआधी करा, कारण रात्रभरात ऑक्सिजन घटत घटत सर्वात कमी होतो. दुपारचा आकडा फसवतो. मरळ लागली म्हणून पाणी चांगलं समजू नका, ती वर येऊन हवा घेते.

घेताना ॲझाइड असलेलाच संच घ्या, नाहीतर सांडपाण्यातल्या नायट्राइटमुळे आकडा जास्त येतो. कीटकनाशकं आणि जड धातू यात कळत नाहीत, ही मोठी उणीव. आम्ल जहाल आहे, हातमोजे हवेतच. वापरलेलं द्रावण नदीत ओतू नका.