संत्रा बासुंदी की गावरानी आमरस?

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री नागपुरात साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मिळतात, गावरानी आंबा मात्र मे सरता सरता उतरतो. म्हणजे अर्धा निकाल बाजारच लावतो.

संत्रा बासुंदी निगुतीनं करावी लागते. लिटरभर दूध आटवून निम्मं करायचं, साखर घालायची आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार होऊ द्यायचं. फोडी त्यानंतरच. दूध गरम असलं, तर संत्र्याच्या आंबटपणानं ते फाटलंच म्हणून समजा. बिया, पांढरे दोरे, फोडीवरची पातळ साल सगळं काढा, नाहीतर कडवटपणा उतरतो. वाढायच्या जरा आधी फोडी घाला आणि त्याच दिवशी संपवा. रस ओतून उकळायचा मोह तर अजिबात नको. एवढं सांभाळलं, की संत्रा बर्फीचा डबा कोणी उघडत नाही.

आमरसाला गॅसच लागत नाही. पारा ४५ अंशांवर असताना ही काही छोटी गोष्ट नव्हे! आंबे पाण्यात भिजवा, देठाचा चीक जाऊ द्या, हातानं पिळा. गावरानी आंबा रेषेदार, म्हणून रस चाळणीतून काढा. झाडागणिक चव निराळी, तेव्हा साखर चाखूनच. वर तूप, चिमूटभर सुंठ आणि सोबत पालथ्या रांजणावर भाजलेली लांब रोटी.

एप्रिलपर्यंत पाहुणे आले तर मी बासुंदीच करीन. मेच्या दुपारी मात्र आटत्या दुधापाशी उभं राहायला मला सांगू नका.