अमलोडिपिन, आठ महिने: बीपी उतरलं, पाय सुजले

जानेवारीत सोनाराकडे जाऊन जोडवी कापून काढावी लागली. तीस वर्षं बोटात होती. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

पावसाळ्यात अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू झाली. १६०/१०० च्या आसपास असणारं बीपी महिन्याभरात १४० च्या खाली आलं. दिवसाला एकच गोळी, तीही स्वस्त. सकाळची दुपारी घेतली तरी बीपी उसळत नव्हतं; अर्धं औषध शरीराबाहेर पडायलाच ३० ते ५० तास लागतात. सोसायटीत मी सगळ्यांना हीच गोळी सांगत सुटले होते. ते आता निम्मं मागे घेते.

दिवाळीनंतर बीपी पुन्हा चढलं आणि डोस १० झाला. पंधरा-वीस दिवसांत संध्याकाळी घोटे भरून यायला लागले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. वयामुळे असेल म्हणून लक्ष्मी रोडवरून साडेसहाशेची एक नंबर मोठी चप्पल आणली. जवळच्या दवाखान्यात लघवीची गोळी दिली. रात्रीतून तीनदा उठायचे, सूज होती तिथेच. वैतागून चार दिवस सगळ्याच गोळ्या सोडल्या, तर बीपी १७० वर गेलं. असं मनाने कुणी करू नका.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "काकू, दोन्ही पाय सारखेच सुजतात ना? डोस कधी वाढवला?" हृदय, किडनी तपासली, सगळं ठीक निघालं. मग कागदावर काढून दाखवलं. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, शिरा तितक्या नाही. रक्त येतं जास्त दाबाने, परतीची वाट तेवढीच. मग केशवाहिन्यांतून पाणी झिरपून घोट्याशी साठतं. अंगात पाणी वाढलेलंच नसतं, म्हणून लघवीची गोळी फारशी चालत नाही. डोस वाढला की सूज वाढते, आणि बायकांना हा त्रास जास्त होतो.

माझा राग गोळीवर नाही, कागदावर आहे. आठ महिन्यांत पट्टीबरोबर माहितीचा कागद एकदाही हातात आला नाही. सहा गोळ्या मागितल्या की केमिस्ट कात्रीने पट्टी कापतो आणि एक्स्पायरी नेमकी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. साधा मिक्सर घेतला तरी पुस्तिका मिळते. "घोटे सुजू शकतात, डॉक्टरांना सांगा" एवढी एक ओळ मराठीत असती तर दीड महिन्याची झोप, साडेसहाशे रुपये आणि माझी जोडवी वाचली असती.

आता अमलोडिपिन परत ५ वर, जोडीला टेल्मिसार्टन ४० ही बीपीचीच दुसरी गोळी. ती शिराही सैल करते. तीन आठवड्यांत सूज उतरली, बीपी १२८/८०. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, पेशंटही फोन करू शकतो. मी केला.

जोडवी सोनाराकडे सांधायला दिली आहेत. माप मुद्दाम संध्याकाळी सात वाजता जाऊन दिलं.